डॉक्टरीणबाईंकडची पहिली खेप

डॉक्टरची मला भीती नव्हती. डॉक्टर काय सांगेल, त्याची होती. सात वर्षं लोक माझ्या पाठीमागं जे बोलत होते, तेच आता पुण्याची शिकलेली बाई कागदावर लिहून देणार आणि मग कुणाला काही बोलायला जागा उरणार नाही, एवढंच मला कळत होतं.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. इतक्या वर्षांनी लिहायला बसले, कारण परवा माझ्या भावाची नातसून माझ्याजवळ येऊन बसली. लग्नाला चार वर्षं झाली, पोटी काही नाही. दोघं नवराबायको पुढच्या आठवड्यात पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाणार आहेत. जाड फाइल मांडीवर घेऊन मला म्हणाली, "आत्याआजी, तुम्हाला भीती वाटली होती का?" मी म्हणाले, "पोटात गोळा आला व्हता." ती हसली, मग रडली. तिला जे तोंडी धड सांगता आलं नाही, ते लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

सात वर्षं

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. सासर मुळशीत, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. भाताची खाचरं, चार जनावरं आणि घरात माणसं तीन: मी, मालक आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. मालकांचं नाव दगडू. आता लिहिताना हात थांबत नाही, पण ते होते तोवर उखाण्याशिवाय हे नाव माझ्या तोंडून निघालं नाही. आत्याबाईंची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याला दगडू म्हटलं. दगडावर कोण कशाला नजर टाकील? तो जगला, पण सासरे गेले. अशा एकुलत्या लेकाच्या घरी पाळणा हलत नाही म्हटल्यावर त्या बाईचं काय होत असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला तिची नुसती भीती वाटायची.

महिन्याचे चार दिवस बाई बाहेर बसायची. आमच्या घरी ते बसणं गोठ्याच्या बाजूच्या पडवीत. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. म्हणजे माझी जी काय हार होती ती दर महिन्याला आख्ख्या आळीला दिसायची. आत्याबाई हंडा घेऊन पाण्याला निघाल्या, की बायका ओळखायच्या, सून परत बसली. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही, आणि त्या न बोलण्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उपाय सगळे झाले. नवस झाले, अंगारे झाले, भगत झाला. पाचव्या वर्षी एका म्हातारीनं बिब्बा तापवून माझ्या बेंबीभोवती डाग दिले. जखमा महिनाभर चिघळत होत्या. डाग देताना ओरडलं की गुण येत नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हातारी हुशार होती. मी ओरडले नाही आणि गुणही आला नाही.

सातव्या वर्षी दसऱ्याला आत्याबाईंचे भाऊ आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सोनं देऊन झालं, जेवणं झाली, आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी कोळवणच्या अंगाच्या एका मुलीची गोष्ट काढली. मुलगी कामाला वाघ, घर गरीब, बिजवराला देतील.

"तुळशीचं लगीन लागलं की सुपारी फोडू," मामा म्हणाले.

मालक खाली मान घालून म्हणाले, "आता कायदा आलाय मामा. दुसरी करता येत न्हाई."

"कायदा ऱ्हायला पुन्यात. पौडाच्या अलीकडं कुटं येतोय त्यो?"

मालक उठून गोठ्याकडं गेले. मी आत चुलीपुढं बसले होते. कुणी मला काही विचारावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मीच आणलेली चिठ्ठी

दोन दिवसांनी भात कापताना माझ्या पायाला विळा लागला. पौडच्या दवाखान्यात नर्सबाईंनी पट्टी बांधली आणि सहज विचारलं, मुलं किती? मी काही बोलायच्या आत माझे डोळे भरून आले. त्यांनी सगळं काढून घेतलं आणि पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. मूल न होणाऱ्यांनाच त्या तपासायच्या, परदेशात शिकून आल्या होत्या.

"पण दोघांनी जायचं," नर्सबाई म्हणाल्या. "एकटी गेलीस तर ती आल्या पावली परत पाठवील."

चिठ्ठी मी मालकांना दिली, त्यांनी आईला सांगितली. मला वाटलं, घर डोक्यावर घेतील. पण आत्याबाई लगेच म्हणाल्या, "जावा की." आणि मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "डाक्टरनीला एकदा म्हनू दे, हिच्यात खोट हाय. मंग हिच्या बापाला बी बोलाय तोंड न्हाई, आन् मला बी पाप न्हाई."

औषध मिळेल म्हणून मी ती चिठ्ठी आणली होती, आणि त्या घरात ती माझ्यावरच्या खटल्याचा कागद झाली. फाडून चुलीत घालावी असं दहादा मनात आलं. पण चिठ्ठी मालकांच्या बंडीच्या खिशात होती.

पुण्याच्या वाटेला

कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या एस.टी.नं निघालो. मला गाडी लागायची, त्यात पोटात अन्नाचा कण नव्हता. भूगावच्या पुढं घाटात मी खिडकीतून बाहेर ओकले. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, कनवटीची चिंच काढून माझ्या हातावर ठेवली आणि मालकांना म्हणाली, "पयलटकरीण हाय न्हवं? दम दम न्या बाबा, गाडीचं धक्कं बसत्यात."

मालकांनी मान फिरवली. मी चिंच तोंडात टाकली. त्या बाईला काय सांगणार? आणि खोटं कशाला बोलू, तिचा हात पाठीवर होता तेवढा वेळ मला बरं वाटलं. घाट उतरेपर्यंत मी खरंच पहिलटकरीण होते.

बाकावर

दवाखाना म्हणजे एका पेठेतलं दुमजली घर. खालच्या ओसरीवर लाकडी बाक, बाकावर बायका. शहरातल्या, खेड्यातल्या, एक तर अंगावर भरपूर दागिने घातलेली. पण सगळ्यांच्या माना खाली. माझ्यासारखीच प्रत्येकीची पोटातली भीती, पण कुणी कुणाशी बोललं नाही. बहुतेकींबरोबर सासू होती. नवरे जे आले होते ते बाहेर रस्त्यावर विड्या ओढत उभे. आत येऊन बसलेला पुरुष एकच, आमचे मालक. कुठं उभं राहायचं हे कळेना म्हणून बसले होते, मोठ्या धीराचे म्हणून नव्हे.

कंपाउंडरनं नाव विचारलं. मी सांगितलं, अनसूया. पुढं? पुढं नवऱ्याचं नाव. ते मी कसं घेणार? त्यानं परत विचारलं, मग जरा चढ्या आवाजात विचारलं. सगळ्या बायका बघायला लागल्या. शेवटी मालक उठून म्हणाले, "दगडू." ते एक नाव सांगितलं आणि घामानं डबडबले.

मला वाटत होतं, आत्ताच उठून पळावं. पण पळून जायचं कुठं? गाव एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला, आणि रस्ता मला दोन्हीकडचा ठाऊक नव्हता.

आतली खोली

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पांढरं पातळ, जाड चष्मा. त्यांनी दोघांनाही आत बोलावलं. पहिलाच प्रश्न मला, "शेवटची पाळी कधी आली?"

मला तारखा कुठल्या माहीत? परपुरुषासमोर नाहीच, पण स्वतःच्या नवऱ्यासमोरही हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. तेवढ्यात मालक बोलले, "कोजागिरीच्या दुसऱ्या दिशी भाइर बसली. त्याच्या आदी पितरांच्या तिजंला."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तवा ती पडवीत असती. भाकरी आई वाढती."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारखा लिहून घेतल्या. मी मात्र मालकांच्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटायचं, हे दर महिन्याचं माझं एकटीचं दुखणं आहे. तेही मोजत होते, हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं.

मग त्यांना बाहेर पाठवलं आणि मला टेबलावर निजायला सांगितलं. त्या वेळची भीती मी लिहिते, कारण पुष्कळ बायका तिथूनच परत फिरतात. माझे दात वाजत होते. बाई म्हणाल्या, "आता हात लावते हं," आणि मगच हात लावला. तेवढं आधी सांगणं माझ्यासाठी फार मोठं होतं. तोवर मला न सांगताच सगळे हात लावत आले होते. पोटावरचं लुगडं बाजूला केलं आणि त्या थांबल्या.

"हे कुणी केलं?"

बिब्ब्याचे डाग. मला वाटलं, मलाच रागावल्या. मी म्हणाले, "मीच करून घेतलं." त्यांनी एका डागावरून बोट फिरवलं. "वर बघ. श्वास सोड. दुखलं तर ओरड, इथं ओरडायला बंदी नाही." मी ओरडले नाही, पण ओरडता येईल म्हटल्यावर दुखणं निम्मं झालं.

उठून बसले तेव्हा त्या हात धूत होत्या. "मला तुझं सगळं ठीक वाटतं. आणखी एक तपासणी करायची ती पुढं बघू. आधी यांचं बघू या."

बाटली

"माजं?" परत आत बोलावल्यावर मालक म्हणाले. "माजं काय बगायचं? मी काय आजारी हाय का?"

बाईंनी शांतपणे सांगितलं. रुंद तोंडाची छोटी बाटली त्यांच्यापुढं ठेवली, मागच्या अंगणातली मोरी दाखवली. मालकांचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. "ह्ये काय मानसाचं काम हाय व्हय?" म्हणाले आणि बाटली तिथंच ठेवून तरातरा रस्त्यावर गेले.

मी बाकावर येऊन बसले. झालं, संपलं, असं वाटलं. आता हे एस.टी. गाठणार, घरी जाऊन सांगणार की डॉक्टरीण वाह्यात आहे, आणि तुळशीचं लग्न तर तोंडावर आलेलं. समजूत घालायला तोंड नव्हतं. नवऱ्याला असलं कुणी सांगतं का?

डॉक्टरीणबाई स्वतः उठून दारापर्यंत आल्या. मालक समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. बाई मोठ्यानं नाही, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं आत्ता माझ्यापुढं पोट उघडं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बघत होती ती. तुम्हाला एक बाटली जड झाली?"

किती वेळ गेला कोण जाणे. मालक आत आले, माझ्याकडं न बघता बाटली उचलली आणि मागं गेले. पुढचं मी लिहीत नाही. ते त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे.

चार वाजता

चारला परत बोलावलं. मधला वेळ आम्ही नदीच्या काठाला दशम्या सोडून बसलो होतो, पण घास कुणी खाल्ला नाही.

बाईंनी दोघांना समोर बसवलं. त्यांनी मालकांना काही झालं होतं का ते खोदून खोदून विचारलं. लहानपणी? गालगुंड?

"झालं व्हतं. सोळाव्या सालात. नऊ दिस पडून व्हतो."

"खाली सूज आली होती? दोन्हीकडं?"

मालकांनी नुसती मान हलवली. एवढं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या मान हलवण्यात मला पंचवीस वर्षांचा बाप्या नाही, सोळा वर्षांचं लाजून चूर झालेलं पोर दिसलं.

"तुम्ही शेतकरी आहात," बाई म्हणाल्या. "पेरायचं तर बी लागतं. तुमच्यात बी दिसत नाही मला. एका तपासणीवर मी शिक्का मारत नाही, दिवाळी झाली की परत या. पण खोटी आशाही लावत नाही." मग माझ्याकडं वळल्या. "यात तुझा काही दोष नाही, बाळ. कधीच नव्हता."

हे वाचणाऱ्याला वाटेल, मला आनंद झाला असेल. मला तेव्हा जी भीती वाटली तशी सकाळपासून वाटली नव्हती. खोट माझ्यात असती तर मालकांना पुढं वाट होती, दुसरी बायको. खोट त्यांच्यात, म्हणजे त्यांना वाटच नाही. कोंडीत सापडलेला माणूस काय करील? हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडू नये म्हणून मला माहेरी टाकील? का मारील? आणि बरोबर काय घेऊन मी गावात शिरणार होते? जे मला ठाऊक होतं ते बोलायची सोय नव्हती.

परतीच्या एस.टी.त पिरंगुट मागं पडल्यावर मालक हळूच म्हणाले, "घरी काय बोलू नगंस."

मी म्हणाले, "न्हाई."

नसलेल्या दुखण्याचं औषध

अंगणातच आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनाली?"

"अवशिद दिलंय," मालक म्हणाले. "परत बोलिवलंय." आणि पिशवीतून लाल टॉनिकची बाटली काढून माझ्या हातात दिली. ती त्यांनी कधी घेतली, मला पत्ताच नव्हता.

आत्याबाईंना हवं ते उत्तर मिळालं. त्या रागावल्या नाहीत, उलट त्या दिवशी त्यांनी मला भाकरीवर तूप वाढलं. निकाल लागलेल्या माणसाला वाढतात तसं.

मी रोज दोन चमचे टॉनिक प्यायले. मला काही झालेलं नाही, हे मला आणि मालकांना ठाऊक होतं, तरी मायलेकांसमोर मी ते औषध गिळायचे. मालक तेवढ्यात गोठ्याकडं निघून जायचे. मला त्यांचा फार राग यायचा. आणि राग उतरला की परत भीती. किती वेळा ठरवलं, आत्याबाईंना सांगून टाकावं. पण नवऱ्याबद्दल असलं बोललेली बाई आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. मी बोलले असते तरी खरं कुणाला वाटलं असतं? म्हणाले असते, वांझ ती वांझ, वर नवऱ्याला नाव ठेवते.

भाऊबीज झाली. दुसऱ्या खेपेला मालक एकटेच गेले. मला म्हणाले, "तुजं काम न्हाई तितं." दिवस मावळायला परत आले, बैलांना वैरण टाकली, हातपाय धुतले. एक घडी घातलेला कागद बंडीच्या आतल्या खिशात ठेवताना मी बघितला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यावरून मला कळलं.

पहिलीची राजीखुशी

तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. बरोबर मुलीचा बाप आणि त्याचा थोरला भाऊ. पडवीत घोंगडी अंथरली. मी चहा ठेवला. हात कामाला लागले की बरं असतं, म्हणून मी दोनदा भांडी विसळली.

मुलीचा बाप भला माणूस वाटला. हडकलेला, बोलताना सारखा गुडघ्यावर हात फिरवणारा. सुपारी पुढं ठेवायच्या आधी म्हणाला, "माजी एकच आट हाय. पयलीनं आमच्यासमोर राजीखुशी सांगावी. उद्या माज्या पोरीला सवतीचा तरास नगं."

आमच्याकडं ही रीतच होती. पहिलीनं दारात उभं राहून हो म्हणायचं, मग सुपारी फुटायची. कायद्याच्या भीतीनं ती आणखी घट्ट झाली होती.

"अनशे," आत्याबाईंनी हाक मारली. "हितं ये. पावनं काय इचारत्यात बग."

मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले, पदर पुढं ओढून. पाच माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. नाही म्हणावं तर त्याच घरात दिवस काढायचे, हो म्हणावं तर स्वतःच्या हातानं सवत आणायची आणि जन्मभर ते टॉनिक प्यायचं. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. परत उघडलं. देवाशपथ सांगते, आणखी एकदा कुणी "बोल" म्हणालं असतं, तर मी हो म्हणून मोकळी झाले असते.

"तिला कशाला इचारताय?" मालक म्हणाले.

ते उभे राहिले होते. आवाज त्यांचाही धड नव्हता. "पोर तिच्यामुळं व्हत न्हाई असं न्हाई. माज्यामुळं व्हत न्हाई. सोळाव्या सालात गालगुंड झालं व्हतं, तवापास्नं. दोनदा तपासलंय. पावनं, तुमी पोरगी दिलीत तर ती बी आशीच दर म्हयन्याला पडवीत बसंल, आन् ही माजी आई तिला बी डाग द्याया लावंल."

मामा ताडकन उठले. "बायकूनं शिकिवलंय तुला ह्ये! कुटला मर्द आसं बोलतोय?"

मालकांनी खिशातला कागद काढून घोंगडीवर ठेवला. इंग्रजीतला. तिथं कुणालाच वाचता येत नव्हता. मुलीच्या बापानं तो उचलला, उलटसुलट करून बराच वेळ बघितला, परत घडी घालून मालकांच्या हातात दिला. मग पागोटं नीट केलं. "लेका, माज्या पोरीवर उपकार केलंस," म्हणाला आणि चहा न घेताच दोघं भाऊ निघून गेले. मामा शिव्या देत त्यांच्यामागं गेले.

आत्याबाई बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. खूप वेळानं, जणू स्वतःशीच म्हणाल्या, "एरंडाची पानं गरम करून मीच बांदली व्हती. चार दिसांत सूज उतारली. मला वाटलं, ग्येलं."

त्या उठल्या, आत आल्या, फळीवरची टॉनिकची बाटली उचलली. "मंग ह्ये कशाला पीत व्हतीस?"

"त्यांनी आनलं म्हनून."

त्यांनी बाटली मोरीत उपडी केली. मला त्यांनी कधी माफ कर म्हटलं नाही, गावालाही शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. गाव मला वांझच म्हणत राहिलं. पण त्या दिवसानंतर मी बाहेर बसले, की हंडा घेऊन मालक पाण्याला जायचे आणि आत्याबाई त्यांना अडवत नव्हत्या. आळीतले लोक हसायचे. हसू देत.

खळ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच खळ्यावर भात झोडत होतो. मी पेंढी हातात द्यायची, त्यांनी झोडायची. उन्हं वर आली होती. मला जे कितीक दिवस विचारायचं होतं ते विचारलं.

"बोलायचंच व्हतं, तर इतकं दिस का गप ऱ्हायलात?"

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "तू जाशील म्हनून."

मला कळेना. "कुटं?"

"डाक्टरीण म्हनाली न्हवं, तुजं समदं बराबर हाय. तुला लेकरं व्हतील, दुसऱ्याकडनं. आपल्यात काडीमोड हाय. तुजा बाप दुसरीकडं पाट लावून दील, तुजं वय काय झालंय? त्या दिशी परतीच्या एस.टी.त बसल्यापास्नं माज्या डोस्क्यात त्येच."

सात वर्षं मी घालवून देतील म्हणून भीत जगले. माझ्या जाण्याला कुणी भीत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि लपवत नाही, त्या परतीच्या एस.टी.त, पिरंगुटच्या अलीकडं, हा विचार माझ्याही मनाला एकदा शिवून गेला होता. आपल्या मांडीवर मूल आहे असं मी पुरतं डोळ्यांपुढं बघितलं होतं. त्या मुलाचा बाप शेजारी बसलेला माणूस नव्हता.

म्हणून मी लगेच नाही म्हणाले नाही. वाचणाऱ्या बायांनी मला सावित्री समजू नये. मी खाली बघत उभी राहिले, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मी सात वर्षं त्यांच्या आईच्या तोंडाकडं बघत आले तसे.

"ऱ्हाते," मी म्हणाले. "पन तवासारखं माज्यावर ढकलून परत गप बसलात, तर त्या दिशी जाईन."

"व्हय," ते म्हणाले आणि खळ्यातच खाली बसले.